भ्यालेल्याला अभय



आजवर या सदरात मुलांचा अभ्यास, घरखर्चाचा मेळ, म्हाताऱ्या माणसांची दुखणी, व्यसनाने मोडलेले संसार असे पुष्कळ विषय आम्ही घेतले. कुत्र्यावर लिहिण्याची वेळ कधी आली नव्हती. यंदाच्या वर्षावासात ती आली. ज्या प्रसंगाने आली तो आधी सांगतो.

रविवारची सकाळ होती. विहारात ग्रंथवाचन आटोपले, खीर वाटून झाली आणि मुले बाहेर खेळू लागली. विहाराच्या मागल्या भिंतीला लागून एक मोडकी हातगाडी उभी असते. तिच्याखाली तांबूस रंगाची एक कुत्री राहते. माणूस दिसला की ही अंग चोरून गाडीखाली जाणार, हाक मारली की आणखी आत सरकणार. मुलांनी तिचे नावच 'भित्री' ठेवले होते. त्या दिवशी सात वर्षांचा एक मुलगा तिला बिस्किट द्यायला निघाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. तो वाकून गाडीखाली शिरला. ती पळून जाऊ नये म्हणून दोन मोठ्या मुलांनी दुसरी बाजू अडवली. मागे भिंत, पुढे मुलगा, बाजूला मुले. ती गुरगुरली. मुले हसली. मुलाने हात आणखी पुढे नेला आणि ती चावली.

मुलाच्या हातातून रक्त आले. कोणी हळद आणायला धावले, कोणी चुना. मुलाच्या आजींनी सगळ्यांना थांबवले आणि त्याचा हात विहाराच्या नळाखाली धरला. साबण लावून चांगली पंधरा मिनिटे त्यांनी तो हात धुतला. मुलगा ओरडत होता, तरी सोडला नाही. या आजी महापालिकेच्या सफाई खात्यात तीस वर्षे रस्ते झाडून निवृत्त झालेल्या आहेत. पहाटेच्या अंधारात रस्त्यावर काम केलेल्या बाईला कुत्रे चावल्यावर काय करायचे हे शिकवावे लागत नाही. तिथून त्या मुलाला घेऊन थेट सरकारी रुग्णालयात गेल्या.

पुढे जाण्याआधी एवढे प्रत्येक घराने लक्षात ठेवावे. कुत्रे चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना, तेल काही लावू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेत सिरमही द्यावे लागते. डॉक्टर जितकी इंजेक्शने सांगतील तितकी, त्या त्या तारखेला पुरी करावीत. पोटात घ्यावी लागणाऱ्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून कित्येकांच्या मनात आहे. ती इंजेक्शने २००५ पासून वापरात नाहीत. आता लस दंडात देतात. मात्र रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस बहुधा वाचत नाही, म्हणून हयगय नको.

काठ्या आणि दहा दिवस

आजी रुग्णालयातून परतल्या तेव्हा पाच-सहा तरुण काठ्या घेऊन हातगाडीकडे निघाले होते. त्यांच्या रागाला आम्ही नावे ठेवत नाही. लेकराचे रक्त पाहिले की कोणाचेही डोके फिरते. पण आजी त्यांच्या आडव्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरांनी सांगितलंय, दहा दिवस कुत्रीवर नजर ठेवा. ती धडधाकट राहिली तर पोराला धोका नाही. तुम्ही तिला मारलंत नाहीतर पळवून लावलंत, तर ती पिसाळलेली होती का नव्हती, हे मला कोण सांगणार? मला ती दहा दिवस डोळ्यांसमोर पाहिजे."

तरुण थांबले. दहा दिवसांनी बघू, असे म्हणून गेले.

आता एक सांगायला हवे. मुलाची लस दहा दिवस थांबून नव्हे, त्याच दिवशी सुरू झाली होती. कुत्र्यावरची नजर ही लशीच्या जोडीला असते, लशीच्या ऐवजी नसते.

ज्या कुत्रीने आपल्या नातवाला चावा घेतला, तिला दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवायचे कसे? बांधून ठेवणे शक्य नव्हते. तिच्या जवळ जाणेच धोक्याचे होते. शेवटी आजींनी ठरवले की रोज ठरल्या वेळी तिला खायला घालायचे. खायला येईल तेव्हा दिसेल. आम्हाला जे सांगायचे आहे ते इथून सुरू होते.

बोलता न येणाऱ्याचे म्हणणे

कुक्कुर जातकाची गोष्ट विहारात अनेकांनी ऐकली असेल. राजाच्या रथाचे चामडे रात्री कुत्र्यांनी खाल्ले. राजाने नगरातली कुत्री मारण्याचा हुकूम दिला, पण राजवाड्यातली पाळलेली कुत्री तेवढी वगळली. तेव्हा स्मशानातल्या कुत्र्यांचा म्होरक्या मनात मैत्री धरून एकटा दरबारात गेला, राजाच्या आसनाखाली शिरला आणि त्याने राजाला विचारले की गुन्हा कोणाचा, हे तपासलेस का? राजवाड्यातल्या कुत्र्यांना ताकात दर्भ कालवून पाजला तेव्हा त्यांच्याच पोटातून चामडे बाहेर पडले. गोष्ट आहे, ती गोष्ट म्हणूनच घ्यावी. पण शिक्षेआधी चौकशी करावी, हे तिच्यातले म्हणणे खरे आहे.

जातकातले कुत्रे बोलू शकले. आपल्या गल्लीतल्या कुत्र्याला तोंडाने बोलता येत नाही, पण अंगाने ते सारखे बोलत असते. भ्यालेले कुत्रे शेपूट पायांत घालते, कान मागे पाडते, अंग जमिनीलगत नेते, हे आपण सारे ओळखतो. त्याच्याही आधीच्या खुणा मात्र आपल्या ध्यानात येत नाहीत. खायला काही नसताना ते जिभेने ओठ चाटते. झोप आलेली नसताना जांभई देते. तोंड एका बाजूला फिरवते, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून आपल्याकडे पाहते, तेव्हा डोळ्यांतला पांढरा भाग दिसतो. उन्हाळा नसताना धापा टाकते. कधी एक पाय उचलून जागच्या जागी थिजून जाते. या साऱ्याचा अर्थ एकच, 'तुम्ही फार जवळ आलात, थोडे मागे व्हा.'

एवढे सांगूनही आपण मागे झालो नाही तर ते गुरगुरते. गुरगुरणे ही शेवटच्या आधीची सूचना आहे. गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला मारू नये. मार खाऊन ते गुरगुरणे सोडते, भीती मात्र तशीच राहते. मग पुढच्या वेळी ते न गुरगुरता चावते. त्या रविवारी भित्रीने सूचना दिली होती. तिला पळायला वाट नव्हती आणि आपली मुले हसत होती. गुन्हा कोणाचा, हे आपण मुलांच्या आईबापांनीच तपासायला हवे.

कुत्रे भित्रे का होते?

सगळीच भित्री कुत्री मार खाल्लेली असतात असे नाही. पिल्लाच्या वयाचा तिसरा आठवडा ते साधारण बारा-चौदावा आठवडा हा काळ फार महत्त्वाचा असतो. या दिवसांत जे जे प्रेमाने भेटते ते त्याला जन्मभर आपले वाटते. जे कधी पाहिलेच नाही त्याची पुढे भीती वाटते. अमेरिकेत बार हार्बर येथे शास्त्रज्ञांनी पिल्लांवर बरीच वर्षे अभ्यास केला. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिल्ले कुंपणाच्या आत, माणसांपासून दूर वाढवली होती. सुमारे सातव्या आठवड्यात ज्यांची माणसांशी गाठ घालून दिली ती चटकन माणसाळली. चौदा आठवडे ज्यांनी माणूस पाहिलाच नाही ती रानटी जनावरासारखी बिथरत राहिली. त्यांना माणसाळवणे फार कठीण गेले.

आपल्या गल्लीतल्या पिल्लाची या आठवड्यांत माणसांशी पहिली ओळख कशी होते, ते पाहा. हाड् म्हणून. चपलेने. अंगावर फेकलेल्या पाण्याने. कधी मुलांनी शेपटीला बांधलेल्या डब्याने. मोठेपणी ते माणसाला भ्याले तर नवल काय? शिवाय काही पिल्ले जन्मतःच बुजरी असतात. काही कुत्री अंगातल्या दुखण्यामुळे जवळ येऊ देत नाहीत. चांगले माणसाळलेले कुत्रे अचानक भिऊ लागले किंवा अंगावर येऊ लागले तर त्याला हात न लावता आधी जनावरांच्या डॉक्टरांना विचारावे. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. मुंबईकरांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल ठाऊक आहेच.

आजींची रीत

पहिल्या दिवशी आजींनी भाकरीचे तुकडे कालवणाच्या पाण्यात भिजवून एका ताटलीत घातले. ताटली हातगाडीपासून दहा-बारा पावलांवर, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर ठेवली आणि त्या सरळ घरी निघून गेल्या. दुरून खिडकीतून पाहत राहिल्या. भित्री अर्ध्या तासाने बाहेर आली, घाईने खाऊन परत गाडीखाली गेली. दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तीच जागा, तीच ताटली. भ्यालेल्या जिवाला नवेपणाची भीती असते. रोज तेच घडले की त्याला पुढे काय होणार ते कळते आणि तेवढी भीती कमी होते.

चौथ्या दिवशी आजी ताटली ठेवून तिथून पंधरा पावलांवर पाट टाकून बसल्या. कुत्रीकडे पाहिले नाही, हाकही मारली नाही. तिच्याकडे अंगाची एक बाजू करून सुपात तांदूळ निवडत राहिल्या. भित्री बाहेर आली नाही. आजींनी पाट आणखी दहा पावले मागे नेला. तेव्हा आली. हा नियम सगळ्यांनी लक्षात ठेवावा. भुकेले कुत्रे समोरचे खात नसेल तर तुम्ही फार जवळ आहात. अंतर त्याने ठरवायचे, आपण नाही.

आम्ही त्यांना विचारले की हे कोणी शिकवले? त्या म्हणाल्या, "रस्त्यानं. पहाटे चारला झाडू घेऊन निघालं की कुत्री अंगावर यायची. नवीन बाया झाडू उगारायच्या, मग कुत्री जास्तच भुंकायची. मी झाडू खाली ठेवायचे, तोंड बाजूला करून गप उभी राहायचे. त्यांना माझी भीती नसायची हो, झाडूच्या काठीची असायची. आठ दिवसांत ओळखायला लागायची." पुस्तकात कुत्र्यांचे जाणकार जे सांगतात, ते या बाईने नोकरीतून कमावले होते. डोळ्यांत डोळे घालून पाहणे, सरळ चालून जाणे, वरून वाकणे, हातात लांब वस्तू असणे, या चार गोष्टी कुत्र्याला धमकीसारख्या वाटतात. बाजूने बसणे, नजर खाली ठेवणे, हळू हालचाल करणे, हलक्या आवाजात बोलणे यांनी ते निवांत होते.

दहा दिवस झाले. भित्री धडधाकट होती. मुलाची उरलेली इंजेक्शने डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे झाली. शेजारी म्हणाले, आजी, आता सुटलात, बंद करा ते ताट. आजी म्हणाल्या, "पोराला याच गल्लीत खेळायचंय आणि तिलाही याच गल्लीत राहायचंय. ती अशीच भीत राहिली तर आज माझा चावला, उद्या तुमचा चावेल." यावर कोणाला उत्तर सुचले नाही.

पुढले आठवडे असेच गेले. आजी पाट रोज एखादे पाऊल पुढे घेत. जवळ आल्यावर त्यांनी एक युक्ती केली. उकडलेल्या अंड्याचा तुकडा त्या भित्रीच्या पुढ्यात टाकत नसत, तिच्या मागच्या बाजूला टाकत. आम्हाला हे उलटे वाटले. पण त्यात मर्म आहे. तुकडा आपल्या पायाशी टाकला तर भूक कुत्र्याला पुढे ओढते आणि भीती मागे खेचते. खाऊन झाल्यावर आपण फार जवळ आलो हे त्याच्या ध्यानात येते आणि ते दचकते. मागे टाकला तर खायला मागे जाते, सुटकेचा श्वास घेते आणि मग आपण होऊन पुन्हा पुढे येते. दरवेळी पुढे येण्याचा निर्णय त्याचा असतो. अशा निर्णयांतूनच धीर तयार होतो. धीर बाहेरून भरता येत नाही.

सातव्या आठवड्यात तिने आजींचा हात हुंगला. आजींनी हात हलवला नाही. आणखी काही दिवसांनी त्यांनी तिला हनुवटीखाली खाजवले, डोक्यावर हात नेला नाही. वरून येणारा हात भित्र्या कुत्र्याला मारणारा हात वाटतो. तीन अंक मोजेपर्यंत खाजवायचे आणि थांबायचे. ते आणखी जवळ सरकले तर पुन्हा खाजवायचे, मागे झाले तर हात आवरायचा. एवढी परवानगी मागितली की कुत्र्याचा विश्वास बसतो.

काय करू नये

भीती घालवायची म्हणून भित्र्या कुत्र्याला माणसांच्या गर्दीत ओढत नेऊ नये. ते गप्प उभे राहिले तर धीट झाले असे समजू नये. कित्येकदा ते भीतीने थिजलेले असते. कोपऱ्यात गाठू नये. झोपलेले, खात असलेले, पिल्लांना पाजणारे कुत्रे असेल तर हात लावू नये, हे लहान मुलांना घरोघरी सांगावे. घरी पाळलेले बुजरे कुत्रे येण्याजाण्याच्या वाटेवर साखळीने बांधू नये. त्याला पळता येत नाही, मग ते चावायला शिकते. त्याला घराच्या एका कोपऱ्यात गोणपाट टाकून जागा द्यावी आणि तिथे गेल्यावर कोणी त्याला हात लावायचा नाही, असा घराचा कायदा करावा. पाहुणे आले तर त्यांनी कुत्र्याची दखलच घेऊ नये. भ्यालेले कुत्रे आपण होऊन जवळ आले तर त्याला जवळ घेतल्याने भीती वाढते, हा मात्र गैरसमज आहे. खुशाल जवळ घ्यावे.

खायला घालताना ताटली जिन्यात, दारात किंवा मुलांच्या मैदानात ठेवू नये. २०२३ सालच्या सरकारी नियमांतही असेच म्हटले आहे. कांदा, चॉकलेट, द्राक्षे आणि शिजवलेली हाडे कुत्र्याला देऊ नयेत. खाल्ल्यावर जागा झाडून घ्यावी, म्हणजे शेजाऱ्यांची तक्रार राहत नाही. आणि रेबीजची लस टोचल्याशिवाय हे सारे अपुरे आहे. हात लावू देऊ लागल्यावर भित्रीला लस टोचली, तिची नसबंदीही झाली. आता तिच्या कानाच्या टोकाला खाच आहे. गल्लीत असे कान कापलेले कुत्रे दिसले तर त्याची शस्त्रक्रिया झालेली आहे असे समजावे.

एक रास्त प्रश्न

विहारात आम्ही हे सांगत होतो तेव्हा एका वडीलधाऱ्या उपासकांनी विचारले, "महाडच्या तळ्यावर कुत्र्या-मांजरांना पाणी होते, आम्हाला नव्हते. आमच्या बापजाद्यांना कुत्र्याइतकीही किंमत नव्हती. आणि आता तुम्ही आम्हाला कुत्र्याचे लाड करायला सांगता?"

प्रश्न रास्त आहे. तो टाळून हा विषय मांडणे आम्हाला अप्रामाणिकपणाचे वाटले असते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते माणसाचा हक्क सिद्ध करण्यासाठी. जनावराला मिळते ते माणसाला नाकारणाऱ्या माणसांविरुद्ध तो लढा होता. तळ्यावर पाणी पिणाऱ्या जनावराचा त्यात काही अपराध नव्हता. बाबासाहेबांच्या मनात जनावराविषयी कडवटपणा राहिला नाही, याची साक्षही आपल्याकडे आहे. फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहावर काढलेले त्यांच्या कुटुंबाचे छायाचित्र पुष्कळ घरांत लावलेले असते. त्यात बाबासाहेब आहेत, माता रमाई आहेत, यशवंतराव, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव आहेत. त्याच छायाचित्रात त्यांचा आवडता कुत्रा टॉबीही आहे. आपल्यापैकी किती जणांनी त्याच्याकडे नीट पाहिले आहे? पुढे १९५६ साली नागपूरला त्यांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे.

दुसरे असे की कुत्र्याच्या भीतीची किंमत बंगल्यातली माणसे फारशी मोजत नाहीत. ती आपण मोजतो. पहाटे कामावर निघालेली सफाई कामगार बाई, रात्रपाळी करून चालत घरी येणारा कामगार, गल्लीत खेळणारे लेकरू यांच्याच पायाला दात लागतात. तेव्हा गल्लीतली कुत्री निर्भय आणि लसवंत असणे ही आपली गरज आहे. लाडाचा प्रश्नच नाही.

तथागतांनी पंचशीलाला दान म्हटले आहे. शील पाळणारा माणूस असंख्य जिवांना अभय देतो, असे त्याचे कारण सांगितले आहे. अभयदान म्हणजे समोरच्याला 'भिऊ नकोस' असे सांगणे नव्हे. सांगून कोणाची भीती जात नाही. आपल्यापासून भिण्याचे कारण उरू न देणे आणि मग समोरच्याला त्याचा वेळ देणे, हे अभयदान. वडीलधारे उपासक ऐकून घेऊन गप्प राहिले. त्यांना पटले असे आम्ही म्हणत नाही. पण पुढच्या रविवारी ते हातगाडीच्या बाजूने जाताना त्यांनी आपली काठी अंगालगत धरलेली आम्ही पाहिली.

दुसरा भ्यालेला जीव

या सगळ्यात एका जिवाकडे आमचे लक्ष उशिरा गेले. तो म्हणजे चावा बसलेला मुलगा. हाताची जखम भरली, पण तो रात्री दचकून उठू लागला. शाळेत जायला लांबचा रस्ता धरू लागला. कुठे भुंकणे ऐकू आले की आईचा पदर धरायचा. त्याच्या वडिलांना वाटले की भीती अशीच मोडायची असते. एका संध्याकाळी ते त्याला दंडाला धरून हातगाडीकडे नेऊ लागले, "हात लावून दाखव, बाई आहेस का?" म्हणून.

आजींनी मुलाचा दंड सोडवला. लेकाला म्हणाल्या, "कुत्रीला मी ओढून आणली नाही. मग याला का ओढतोस?"

आम्ही घरोघरी ऐकतो, 'पाण्यात ढकला, आपोआप पोहायला येईल', 'अंधाऱ्या खोलीत ठेवा, भीती जाईल.' कित्येक मुले अशाने पोहायला शिकली नाहीत, फक्त बापाला भ्यायला शिकली. भित्र्या मुलाला हसू नये, भावंडांसमोर त्याची नक्कल करू नये आणि त्याचे नाव भित्रा ठेवू नये. कुत्रीच्या बाबतीत आजींनी हेच केले होते. मुलांना बजावून त्यांनी 'भित्री' हे नाव बंद करवले होते. आता सारे तिला तांबी म्हणतात.

मग आजींनी नातवासाठी तीच रीत धरली. तो आधी खिडकीतून पाहू लागला. मग दारात उभा राहू लागला. मग एक दिवस आजीच्या पाटामागे येऊन बसला. ओठ चाटते तेव्हा तांबी घाबरलेली असते, शेपूट सैल हलते तेव्हा निवांत असते, हे त्याला आजी सांगत. ज्याची भाषा कळते त्याची भीती कमी होते. आता तो गल्लीतल्या मुलांना सांगतो, "तिच्याकडे रोखून बघू नका, बाजूला बसा." चावा खाल्लेलाच मुलगा सांगतो म्हटल्यावर मुले ऐकतात.

तांबी धीट झाली असे आम्ही म्हणणार नाही. ती आजींना आणि आणखी चार-पाच माणसांना ओळखते. अनोळखी माणूस दिसला की अजून दूर होते, पण आता गाडीखाली दडत नाही. दिवाळीच्या फटाक्यांनी सारे मागे गेले होते. तीन दिवस ती जेवली नाही आणि आजींना पुन्हा पंधरा पावलांपासून आरंभ करावा लागला. या वेळी मात्र सात आठवडे लागले नाहीत, दहा-बारा दिवसांत ती सावरली. येत्या १४ एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीचे ढोल वाजतील. त्या संध्याकाळी तिला आजींच्या मोरीशेजारच्या कोपऱ्यात, गोणपाट टाकून, दार लोटून ठेवायचे असे आताच ठरले आहे. काही कुत्री आयुष्यभर थोडी बुजरीच राहतात. तेवढे त्यांना राहू द्यावे.

परवा आम्ही तिकडे गेलो तेव्हा आजी घरात होत्या. पाटावर मुलगा एकटाच, अंगाची एक बाजू करून बसला होता. त्याच्या हातात भाकरीचा कुटका होता. समोर तांबी बसली होती, कान सैल सोडून. दोघांमध्ये दोन हातांचे अंतर होते. मुलाने कुटका तिच्या मागच्या बाजूला टाकला. ती उठून गेली, खाल्ले आणि परत येऊन होती तिथेच बसली. मुलगाही बसून राहिला.

ते दोन हातांचे अंतर कधी मिटवायचे, हे आता त्या दोघांनीच ठरवायचे आहे. आम्ही काही न बोलता परत फिरलो.